चिंधा बोरसेचं अठरावं मशीन

सुरतेत पर्वत पाटियाच्या चौकातून आत वळलं की साड्यांवर भरतकाम करणाऱ्या कारखान्यांची एक लांबच लांब रांग लागते. त्या रांगेच्या शेवटी, दोन गाळ्यांच्या मध्ये पाचर ठोकल्यासारखं चिंधा बोरसेचं दुकान आहे. जळालेल्या विजेच्या मोटारी भरून द्यायच्या, म्हणजे आतली काळी पडलेली तार काढून नवी गुंडाळायची, हा त्याचा धंदा. शिंदखेड्याकडच्या गावातून तो विसाव्या वर्षी सुरतेत आला, मगनभाई नावाच्या उस्तादाच्या हाताखाली हे काम शिकला आणि आता साठीला टेकला तरी तेच करतो. त्यात वेगळं सांगण्यासारखं काही नाही. वेगळं आहे ते त्याच्या कोसाडच्या घरात. तिथे दोन खोल्यांत नवरा, बायको, मुलगी आणि सतरा जुने व्हॅक्यूम क्लीनर राहतात.

सगळे साठ-सत्तर वर्षांपूर्वीचे. काही नानपुऱ्यातल्या पारशी घरांतून आलेले, काही अलंगला फोडलेल्या बोटींच्या सामानातून, दोन-तीन भंगारवाल्याच्या हातगाडीवरून उतरवलेले. कुणी बंबासारखं उभं, कुणी खाली लोखंडी घसरपट्ट्या असलेलं आडवं नळकांडं, कुणाची पिशवी कापडी, कुणाची नळी सुतानं विणलेली. प्रमिलाबाई, म्हणजे चिंधाची बायको, त्या सगळ्यांना मिळून 'सोंडवाले' म्हणते. कपाटावर सोंडवाले, पलंगाखाली सोंडवाले, आणि पाहुणे आले की एकेकाला उचलून मोरीजवळ नेऊन ठेवायचं.

ही आवड कशी लागली हे चिंधाला नीट सांगता येत नाही. पहिलं मशीन कुणीतरी मोटर भरायला टाकून गेलं आणि परत न्यायला आलंच नाही. ते काय आहे हेसुद्धा त्याला कळलं नव्हतं. पाण्याचा पंप असावा असं वाटून त्यानं मोटर भरली, चालू केलं, तर एका तोंडातून हवा आत आणि दुसऱ्या तोंडातून बाहेर. नळी त्यानं चुकीच्या तोंडाला लावली आणि शेजारच्या कारखान्यातला आठवड्याभराचा सुताचा भुसा वाऱ्यासारखा उडून धुवून आलेल्या साड्यांवर बसला. कारखानदार आठ दिवस बोलला नाही. पण नळी फिरवून लावल्यावर त्याच मशीननं भुसा असा सपासप ओढून घेतला, की चिंधा बराच वेळ नुसता जमिनीकडे बघत राहिला. पुढे दुसरं आलं, तिसरं आलं. एक अमेरिकेचं होतं, ते एकशेदहा व्होल्टचं आहे हे न कळून त्यानं सरळ भिंतीतल्या प्लगला लावलं. ते जळलं, आणि ते परत भरायला त्याला महिना लागला.

त्याचा एक नेम आहे. मशीन ठेवायचं तर चालतं ठेवायचं. दर रविवारी पाळीपाळीनं एक काढून सगळं घर त्यानं झाडायचं. प्रमिलाबाई त्याआधी केरसुणीनं झाडून मोकळी झालेली असते, त्यामुळे ओढायला फारसं काही नसतं, पण तो मनापासून ओढतो. मशीनला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्याला खपत नाही. "वायर ओढू नको, मोटर जळेल," असं तो बायकोला कितीदा बोलला असेल. ती पाय वर घेऊन पलंगावर बसते.

अठरावं मशीन आलं ते अडाजणहून. शैलजा वैशंपायन नावाच्या बाईंचा फोन आला. त्यांचे यजमान, अशोक वैशंपायन, बँकेत अधिकारी होते. मागच्या वर्षी वारले. आता बाई मुलाकडे नाशिकला जाणार होत्या आणि घर आवरत होत्या. सासऱ्यांनी कुणा पारशी शेजाऱ्याकडून घेतलेलं एक जुनं मशीन होतं, ते भंगारात घालायला त्यांचा जीव होईना. कुणीतरी चिंधाचं नाव सुचवलं.

चिंधा रिक्षा करून गेला. हिरव्या रंगाचं, घसरपट्ट्यांवर बसलेलं नळकांडं होतं. रंग कोपऱ्यांवर उडालेला, पण नळी शाबूत. शैलजाताईंनी चहा दिला आणि सांगितलं, की त्यांचे यजमान दर दिवाळीला स्वतः हे मशीन फिरवायचे. पिशवीसुद्धा तेच झटकायचे, दुसऱ्या कुणाला देत नसत. चिंधाला हे ऐकून बरं वाटलं. आपल्यासारखा आणखी एक माणूस तापीच्या पलीकडे इतकी वर्षं राहत होता आणि आपली त्याची कधी गाठभेट झाली नाही, असं काहीसं त्याच्या मनात आलं. त्यानं तसं बोलूनही दाखवलं.

दुसऱ्या दिवशी दुकानात त्यानं मशीन उघडलं. मोटर बाहेर काढली, आतल्या दोन गुंडाळ्यांवरची पट्टी बघायला चष्मा लावला आणि हातातला पेचकस खाली ठेवला.

मोटारीतली गुंडाळी तारेची असते. ती भरून झाली की तिच्यावर सुती पट्टी लपेटतात आणि दोऱ्यानं बांधतात. ही गाठ ज्याची त्याची असते. चिंधा डावरा. त्याची गाठ सगळ्या जगाच्या उलट बाजूला बसते आणि वर तो एक जास्तीचा वेढा देऊन दोऱ्याचं टोक आत खुपसतो. मगनभाई त्यावरून त्याला फार बोलायचे, की दोरा काय तुझ्या बापाच्या गिरणीचा आहे का. इतक्या वर्षांत सुरतेतल्या शेकडो मोटारी त्यानं उघडून पाहिल्या, पण अशी गाठ दुसऱ्या कुणाची त्याला दिसली नव्हती.

आणि त्या हिरव्या मशीनमध्ये तीच गाठ होती. डाव्या हाताची, जास्तीच्या वेढ्याची, टोक आत खुपसलेली.

म्हणजे मोटर आपणच भरली, असं त्याला वाटलं. पण हे मशीन त्यानं जन्मात पाहिलं नव्हतं. बाकीच्या मोटारी विसरल्या जातील, पंप विसरले जातील, पण सोंडवालं मशीन दुकानात आलेलं तो विसरेल, हे त्याला स्वतःबद्दल पटेना. त्यानं मशीनची बाकीची अंगं तपासली. तळाशी, मोटर टेकवलेल्या लोकरीच्या गादीखाली, बोटाला लागेल असा मऊ करडा थर सुकून बसला होता. सुरतेच्या माणसाला तो ओळखायला वेळ लागत नाही. तापीचा गाळ. दोन हजार सहाच्या पुरात अडाजण बुडालं होतं, तेव्हाचा.

त्यानं शैलजाताईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, हो, पुरात मशीन बुडालं होतं खरं. पण त्याच दिवाळीला ते चालू होतं, सोफ्यातली माती त्यानंच काढली. दुरुस्त कुठे केलं ते मात्र यजमानांनाच माहीत.

इथे चिंधाचं डोकं चालेनासं झालं. पूर आला तेव्हा तो बुडालेल्या घरांतून मोटारी उपसून आणत होता. गाळात उभं राहून राहून त्याला ताप भरला, डोळे पिवळे झाले, आणि सरकारी दवाखान्यात तो पाच आठवडे पडून होता. नंतर घरी आला तो काठी धरून. दिवाळी होऊन गेल्यावर कुठे त्यानं पेचकस हातात घेतला. त्या दिवसांत त्यांचं दुकान शाबूत होतं, पण धंदा बुडालाच असता. सगळ्या सुरतेच्या मोटारी भिजलेल्या, गिऱ्हाईक दारात उभं आणि मिस्तरी दवाखान्यात. तेव्हा त्याचा चुलतभाऊ सुकदेव, जो उधन्याला यंत्रमागावर होता आणि थोडंफार मोटारीचं जाणत होता, तो रोज संध्याकाळी येऊन काम करून जायचा, असं प्रमिलाबाईनं त्याला सांगितलं होतं. त्या उपकाराची चिंधानं कायम जाण ठेवली. समाजाच्या मेळाव्यात त्यानं सुकदेवला शाल-नारळ दिला होता. कुणाच्याही लग्नात चार माणसं बसली, की तो ती गोष्ट सांगायचाच.

मग सुकदेवनं भरली असेल. पण सुकदेव उजवा. त्याची गाठ चिंधानं पाहिलेली होती, ढिली, पिशवी बांधल्यासारखी.

त्यानं घरी काही सांगितलं नाही. पण जेवताना हात थांबायचा, दुकानाची किल्ली शोधत असताना ती हातातच असायची. आपण दवाखान्यातून उठून कधी दुकानात गेलो होतो का? तापात माणूस काय करतो हे त्याला कुठे आठवतं? दोन रात्री त्यानं जुन्या पिशवीतले दवाखान्याचे कागद काढून तारखा लावून पाहिल्या. त्या बरोबर होत्या, आणि तेच वाईट होतं.

नूतन, त्याची मुलगी, शाळेत शिकवते. तिच्या लक्षात आलं. पप्पांनी तिला शेवटी सांगितलं, की मला काही काही आठवेनासं झालंय. तिनं लगेच नंबर लावून त्याला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर तरुण होते, गुजराती. त्यांनी केळं, खुर्ची, चावी असे तीन शब्द सांगितले आणि पाच मिनिटांनी परत विचारले. चिंधानं सांगितले. त्यांनी घड्याळ काढायला लावलं, त्यानं काढलं, मिनिटांच्या रेघांसकट. शंभरातून सात-सात वजा करायला सांगितलं, तर तो दोनापर्यंत न थांबता उतरला. दिवसभर तारेचे वेढे मोजणाऱ्याला त्यात काय. डॉक्टर हसले आणि म्हणाले, काका, तुमची याददाश्त माझ्यापेक्षा चांगली आहे. चिंधानं त्यांना विचारलं, मग ती गाठ कुणाची? डॉक्टरांनी नूतनकडे पाहिलं. नूतनलाही गाठीचं काही माहीत नव्हतं. शेवटी त्यांनी व्हिटॅमिनच्या गोळ्या लिहून दिल्या.

आता सुकदेवकडे जाण्यावाचून उपाय नव्हता. सुकदेव हल्ली बारडोलीला मुलाकडे असतो, गुडघे गेलेत. चिंधा एसटीनं गेला. मोटर पिशवीत घालून नेली होती. सुकदेवच्या बायकोनं पाणी आणलं, गावाकडच्या गोष्टी झाल्या, रस्त्यावरच्या उसाच्या गाड्यांचं बोलणं झालं. मग चिंधानं मोटर काढून सुकदेवच्या मांडीवर ठेवली आणि विचारलं, ही तू भरली होतीस का?

सुकदेवनं ती उलटीपालटी करून पाहिली.

"भाऊ," तो म्हणाला, "मी त्या वखतले एक बी मोटर भरेल नही. दोनदा उनतू, जड मोटारी उचलाले. बस."

फक्त दोनदा ओझं उचलायला आला होता? चिंधाला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. मग त्यानं विचारलं, की इतक्या लोकांसमोर शाल घेतलीस, तेव्हा का बोलला नाहीस? सुकदेवनं मान खाली घातली. वहिनीनं शपथ घातली होती, म्हणाला. आधी वाटलं दोन दिवसांची गोष्ट. मग तू सगळीकडे सांगत सुटलास, आणि मला तोंड उघडायला जागाच राहिली नाही. ती शाल त्यानं कधी अंगावर घेतली नाही, पेटीत आहे, हवी तर ने. चिंधा म्हणाला, शालीचं काय करू मी? आणि कुणी भरल्या मग?

"वहिनीले इचार," सुकदेव म्हणाला.

परतीच्या गाडीत चिंधाला बाहेरचं काही दिसलं नाही. प्रमिलाबाई? ती कधी पेचकस धरताना त्यानं पाहिली नव्हती. पण मग एकेक आठवायला लागलं. तेव्हा ते दुकानामागच्याच खोलीत राहायचे. संध्याकाळी ती त्याच्या शेजारी बसून तारेचं रीळ सोडायची, वेढे मोठ्यानं मोजायची, कारण तो मोजता मोजता बोलायचा आणि चुकायचा. किती वर्षं? सहा, सात. त्यानं तिला शिकवलं नव्हतं. ती फक्त बसलेली असायची.

घरी पोचला तेव्हा ती मेथी निवडत होती. त्यानं मोटर तिच्यापुढे वर्तमानपत्रावर ठेवली. तिनं पाहिलं, एक काडी निवडली, दुसरी निवडली.

"बारडोली गयतात का?" तिनं विचारलं.

तो हो म्हणाला. मग तिनं सांगितलं, फार काही न सजवता, जसं रेशनच्या रांगेत काय झालं ते सांगावं तसं. नूतनला मामाकडे अमळनेरला धाडलं होतं. सकाळी दवाखान्यात डबा द्यायचा, दुपारी शटर अर्धं खाली ओढून आत बसायचं. गिऱ्हाईकानं विचारलं, मिस्तरी कोण, तर म्हणायचं, दीर येतात संध्याकाळी. बाईनं भरलेली मोटर कोण नेणार? घरगुती मिक्सर, पंखे, असलं बारीकसारीकच तिनं घेतलं; मोठ्या मोटारी परत पाठवल्या. एकूण तेवीस भरल्या. दोन जळून परत आल्या.

त्या दोन चिंधाला चांगल्या आठवत होत्या; आतला दोरा, गाठ, सगळं जळून राख झालेलं होतं. दिवाळीनंतर त्याच दोन गिऱ्हाइकांशी त्याचं भांडण झालं होतं, आणि मनातल्या मनात त्यानं सुकदेवला शिव्या घातल्या होत्या.

"पन गाठ मन्ही शे," आपलीच गाठ तिच्या हातात कशी आली हे न कळून तो म्हणाला. "डावा हातनी. तू तं उजवी."

आता गोंधळण्याची पाळी तिची होती. तिनं मोटर उचलली, गाठीवरून बोट फिरवलं.

"माले काय माहीत ती उलटी शे," ती म्हणाली. "मी तं तुमनीच देखेल व्हती. माले वाटनं, गाठ आशीच ऱ्हास."

गाठ अशीच असते असं समजून डाव्या हातानं बांधायला शिकताना तिला चार दिवस लागले होते. बोटं सुजली होती. आपल्याला जमत नाही म्हणून ती रडली होती, आणि उजव्या हातानं बांधावी हे तिच्या मनातच आलं नव्हतं.

चिंधा खाली बसला. त्याला राग आला होता का? अठरा वर्षं ही बाई आपल्यासमोर बसून सुकदेवची गोष्ट ऐकत होती. लग्नात, बारशाला, पंगतीत पाणी वाढता वाढता. एकदाही तिचा चेहरा हलला नाही. त्याला वाईट वाटत होतं का? की छाती भरून येत होती? यातलं एक धरायला जावं तर दुसरं पुढे यायचं. त्यानं एवढंच विचारलं, की नंतर का सांगितलं नाहीस.

"तुम्ही घर उनात, कामले लागी गयात," ती म्हणाली. "मंग सांगाणं काय ऱ्हायनं?"

आणि काम का सोडलंस, हे विचारायचं त्याच्या ओठावर आलं होतं. पण त्याचंही उत्तर कदाचित तेच असेल, असं वाटून त्यानं विचारलं नाही. ती मेथी घेऊन आत गेली.

पुढचे काही दिवस घरात विचित्र गेले. नूतनला सगळं कळलं तेव्हा ती आईला मिठी मारून हसली, मग बापाकडे बघून तिनं हसू आवरलं. चिंधानं समाजाच्या अध्यक्षांना फोन केला, की सुकदेवचा जो सत्कार झाला तो चुकून झाला होता. अध्यक्षांना काही समजलं नाही. त्यांना वाटलं भावाभावांत वाजलंय, आणि ते समेट करायला कोसाडला यायला निघाले. त्यांना थांबवता थांबवता चिंधाच्या नाकी नऊ आले. रविवारी त्यानं प्रमिलाबाईला म्हटलं, आज तू फिरव मशीन. ती म्हणाली, मी केर काढलाय सकाळीच. आणि बसून राहिली.

शैलजाताई नाशिकला निघण्याच्या आधी त्यांना कळवावं म्हणून त्यानं फोन केला. मशीन चालू झालंय, आणि पुरानंतर ते माझ्या बायकोनं भरलं होतं, असं सांगितलं.

"अहो बोरसे," त्या म्हणाल्या, "आमचे हे मला सांगत होते तेव्हा. एका बाईनं दुरुस्त केलं म्हणून. मी म्हटलं, काउंटरवर बसली असेल, तिनं पावती फाडली असेल. हे म्हणाले, नाही, तिची बोटं तारेनं कापलेली होती."

म्हणजे बँकेतल्या एका परक्या माणसानं एका फेरीत जे पाहिलं होतं, ते चिंधाला ठाऊक नव्हतं. तो दवाखान्यातून आला तेव्हा ती बोटं त्याला भात भरवत होती. त्यानं ती पाहिली कशी नाहीत? की पाहिली, आणि पुराच्या दिवसांत सगळ्यांचेच हात तसे होते म्हणून सोडून दिली?

प्रमिलाबाई दारात कपडे वाळत घालत होती. सांगावं की सांगू नये, हे त्याला ठरवता येईना. शेवटी त्यानं सांगून टाकलं. तिचे हात थांबले.

"काय म्हनी ऱ्हायनात त्या साहेब?" तिनं विचारलं. "कामनं काय म्हनेत?"

कामाबद्दल साहेब काय म्हणाले, ते त्यानं विचारलंच नव्हतं. तो तसाच वळला आणि त्यानं परत फोन लावला. शैलजाताईंना नवल वाटलं, पण त्यांनी आठवून पाहिलं. खूप वर्षं झाली, म्हणाल्या. काम चांगलं झालं असंच म्हणाले असतील. मग त्यांना आणखी काही आठवलं. ते म्हणाले होते, की एवढी गर्दी होती, सगळं शहर घाईत होतं, पण ती बाई अगदी शांतपणे काम करत होती.

चिंधानं हे शब्द जसेच्या तसे बायकोपर्यंत पोचवले. प्रमिलाबाईनं ते ऐकले, ओली चादर खांद्यावर टाकली आणि हसू लागली. हसता हसता तिला ठसका लागला. शांत कसली, ती म्हणाली, त्या दिवशी दवाखान्यातून निरोप आला होता की तुम्हाला रक्त चढवायचंय. तुम्ही जगता की नाही हे मला माहीत नव्हतं. हात थरथरत होता, म्हणून मी हळू हळू बांधत होते.

चिंधानं चादरीचं दुसरं टोक धरलं, आणि दोघांनी मिळून ती पिळली.